गावाच्या मालकीची जीभ

ओव्हीद लेसार यांची जीभ त्यांची स्वतःची नव्हती. ती सँ-गोदार गावाची होती आणि तसा ठराव आमच्या समितीच्या वहीत आहे. ठराव माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय मला उरलेली नाही.

आमच्याकडे मार्च उजाडला की मेपलच्या खोडांना भोकं पाडायची, बादल्या टांगायच्या आणि रस आटवत बसायचं. सगळ्या गावाचा पाक पिंपांत भरून शहरातल्या मोठ्या गोदामात जातो. तिथला परीक्षक प्रत्येक पिंप उघडून चाखतो. काही वावगं वाटलं तर झाकणावर तांबड्या खडूनं फुली मारतो आणि पिंप परत धाडतो. परत आलेलं पिंप ट्रकवरून चर्चच्या पायऱ्यांसमोर उतरवतात, आणि त्या वेळी सगळ्या गावाला नेमकं तिथंच काम निघतं. एका घराचं पिंप परत आलं की पुढे महिनाभर गावातल्या प्रत्येक पिंपाकडे तो परीक्षक संशयानं बघतो. म्हणून पिंपं गावाबाहेर पडायच्या आधी ओव्हीदकाकांनी चाखायची, असा रिवाज पडला. अठरा वर्षांत आमचं एकही पिंप परत आलं नव्हतं.

काकांची पद्धत ठरलेली. पळी पाकात बुडवून आडवी धरायची. पळीच्या काठावर थेंब एकमेकांना धरून रुंद पडद्यासारखे उतरले तर दाटपणा बरोबर. सुटे टपटपले तर पातळ. आणि तार सुटली तर पाक नासला, मग पुढे बघायचंच नाही. त्यानंतर खिडकीच्या उजेडात रंग, मग वास, आणि शेवटी अर्धा चमचा जिभेवर. काका छताकडे बघायचे, पत्र्याच्या डब्यात थुंकायचे आणि दोनांपैकी एक शब्द बोलायचे, 'चांगला' किंवा 'डुकरांना'. त्यावर अपील नव्हतं.

एकदा त्यांनी एझीद रांकूरच्या पिंपाला 'डुकरांना' म्हटलं आणि वर कारणही सांगितलं, की पाक गाळायच्या लोकरी कापडावर मांजर झोपलं होतं. एझीद गावातल्या सगळ्यात मोठ्या मेपलच्या राईचा मालक. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवडाभर त्यानं कुणाला नीट उत्तर दिलं नाही. मग त्याच्या बायकोनं कापड उलटून बघितलं, तर केस निघाले. आणखी एकदा काकांनी चर्चमध्ये प्रसादाची पापडी तोंडात घेतली आणि पाद्रीबाबांना हळूच सांगितलं, की पीठ रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलं होतं. पाद्रीबाबा खरोखर कोठी बघायला गेले. त्यानंतर काका पुढे आले की पाद्रीबाबा पापडी आधी स्वतः हुंगून बघायचे.

जीभ समिती निघाली ती काकांनी वाटाण्याच्या गरम सूपनं तोंड पोळून घेतल्यावर. ऐन मोसमात सहा दिवस एकही पिंप हललं नाही. एझीद म्हणाला की एवढी मोलाची वस्तू एका एकट्या माणसाच्या ताब्यात ठेवणं हा गावाचा निष्काळजीपणा आहे. सगळ्यांना पटलं. एझीद अध्यक्ष, मी चिटणीस, आणि पाद्रीबाबा, कारण त्यांच्याशिवाय आमच्याकडे कशालाच वजन येत नाही. नियम केले. दोन फेब्रुवारीपासून शेवटचं पिंप जाईपर्यंत कांदा नाही, व्हिनेगर नाही, मोहरी नाही, कॉफी नाही, तंबाखू नाही. पावाची कड काढून टाकायची, कारण ती टोचते. आणि सूप किती गरम आहे ते समितीच्या माणसानं संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन, बोट बुडवून बघायचं. आम्ही वार वाटून घेतले. मी स्वतः सहा वर्षं दर बुधवारी ओव्हीदकाकांच्या सूपमध्ये बोट घातलं आहे. हे आज लिहिताना मला लाज वाटते, त्या वेळी अभिमान वाटायचा.

काकांनी कधी हूं की चूं केलं नाही. आई गेल्यापासून ते एकटेच. एरवी वर्षभर खुर्च्यांच्या बैठका विणून द्यायचे. पाकाबद्दल त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही, पण स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की "तुमचं बरोबर आहे" एवढंच म्हणायचे आणि उकडलेले बटाटे खायचे. दाढ दुखायला लागली तेव्हा दाढ ही जिभेच्या हद्दीत येते की नाही यावर आम्ही दोन बैठका घेतल्या. तोवर दाढ आपणहून पडली.

छप्पन्न सालच्या शरद ऋतूत जेमा त्युर्मेल आमच्या गावात टपालखिडकी सांभाळायला आली. गास्पेच्या किनाऱ्यावरची, विधवा, पन्नाशीची, दंडानं भक्कम. घर मिळालं ते नेमकं काकांच्या समोरचं. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं मागच्या पडवीत हेरिंग मासे टांगले आणि खाली धूर केला. आम्ही डोंगरातली माणसं, असा वास गावात कधी आला नव्हता. एझीदनं खिडक्या लावून घेतल्या. मी काकांच्या अंगणात माझी खुर्ची न्यायला गेलो होतो. काकांच्या हातातली वादी तशीच राहिली आणि मान वर झाली.

"क्लोव्हिस," ते म्हणाले, "सफरचंदाचं लाकूड आहे. आणि मीठ आपलं नाही, तिकडचं आहे."

दुसऱ्या माणसानं बाईच्या डोळ्यांबद्दल बोलावं तसं ते त्या मिठाबद्दल बोलले. चार दिवसांनी ते तिच्याकडे एक खुर्ची दुरुस्त करून घेऊन गेले. ती खुर्ची तिची नव्हतीच. तिनं ठेवून घेतली आणि त्यांना जेवायला बसवलं. धुरावलेलं हेरिंग, मोहरीचं लोणचं, हिरव्या टोमॅटोची लवंगा घातलेली चटणी आणि वर कडक कॉफी. मोसम नव्हता, त्यामुळे समितीला तोंड घालता येत नव्हतं. नाताळपर्यंत काकांच्या गालांना रंग आला. जानेवारीत टोपी हातात धरून ते समितीपुढे उभे राहिले आणि लग्न करायचं म्हणाले.

आमची पाचावर धारण बसली. दोन फेब्रुवारीला तीन आठवडे राहिले होते आणि त्या बाईच्या घरात मोहरीची बरणी गुडघ्याएवढी होती. एझीदनं जेमाला बैठकीला बोलावलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की लग्नाला कुणाची ना नाही, फक्त मोसमात तिनं अळणी रांधावं आणि हेरिंग तर घरातच आणू नये.

"मी अळणी रांधणार नाही," जेमा म्हणाली. "पहिल्या नवऱ्याला तो मरत असतानाही रांधलं नाही. तुम्हाला जीभ हवी ना? ठेवून घ्या. बाकीचा माणूस मला द्या."

ती चेष्टेत बोलली होती. आम्ही त्यावर दीड तास चर्चा केली. वहीत आहे. पाद्रीबाबांचं म्हणणं पडलं की विवाहाच्या संस्कारात माणूस अखंड द्यावा लागतो, अवयव राखून ठेवता येत नाहीत. तेव्हा एझीदनं परीक्षेची तोड काढली. काकांनी एका संध्याकाळी जेमाच्या हातचं पोटभर जेवायचं आणि दुसऱ्या सकाळी बारा पिंपं चाखायची. चुकले तर लग्न नाही.

पिंपं जुनी होती, तळघरातली, नावं झाकलेली. दोन आम्ही मुद्दाम खराब घातली होती. एकाला तार सुटायची. दुसरं मोसम संपल्यावरचं होतं, कळी फुटायच्या वेळचं. झाडावर कळ्या फुगल्या की रस बदलतो आणि पाकाला उकडलेल्या कोबीसारखा एक वाईट मागवास येतो. आम्ही त्याला 'कळी' म्हणतो. चांगल्या चांगल्यांना ती पटकन कळत नाही. काका त्या सकाळी आले तेच मोहरीचा वास घेऊन. एझीदनं माझ्याकडे बघून नाक मुरडलं. काकांनी दोन्ही खराब पिंपं पहिल्या फटक्यात काढली. वर नवव्या पिंपाबद्दल म्हणाले, की पाक चांगला आहे, पण झाकण रंगवलं त्या माणसाला सर्दी झाली होती. तो माणूस पाद्रीबाबांचा भाचा होता आणि त्याला सर्दी झाली होती.

इथपर्यंत सगळं छान झालं. जत्रेतल्यासारखे आम्ही ओरडलो. उपासाचे दिवस लागायच्या आत लग्न लागलं, जेमानं निळा झगा घातला, काका रडले. आणि मग एझीदच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं काका उकडलेले बटाटे खाऊन चाखत होते, पण झाकणाच्या रंगातली सर्दी त्यांनी कधी ओळखली नव्हती. म्हणजे हेरिंगनं जीभ बिघडत नाही, हेरिंगनं जिभेला धार येते. आणि पाक आटवणाऱ्या माणसाचा धर्म एकच: जे एकदा साधलं त्यात बोटभर बदल करायचा नाही. आमच्या एझीदनं ज्या पातेल्यात पहिला चांगला पाक काढला त्याचा पोचासुद्धा अजून काढलेला नाही.

तेव्हा ठराव झाला. मोसमभर, रोज, परीक्षेच्या संध्याकाळचंच जेवण. तेच हेरिंग, तेच लोणचं, तीच चटणी, त्यात अकरा लवंगा, कारण त्या दिवशी अकरा होत्या. आता समितीचा माणूस सूपमध्ये बोट घालायला जायचा नाही, लवंगा मोजायला जायचा. एझीदनं गास्पेहून दोन पेट्या हेरिंग मागवले आणि स्वतः पाठीवर वाहून जेमाच्या दारात ठेवले. जेमानं एके दिवशी मेथीसारखी कसलीशी रानभाजी शिजवली तर त्यानं ती नम्रपणे उचलून बाहेर नेली.

पहिला मोसम दोघा नवराबायकोंनी हसत काढला. दुसऱ्याच्या सहाव्या आठवड्यात काका माझ्या गोठ्यात आले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"क्लोव्हिस, एखादा उकडलेला बटाटा मिळेल का?"

मी डुकरांसाठी शिजवलेल्या घमेल्यातला दिला. त्यांनी तो गायीच्या आडोशाला उभं राहून, सालासकट खाल्ला. डोळे मिटून खाल्ला. मी समितीचा चिटणीस होतो आणि हे मी वहीत लिहिलं नाही. माझ्या हातून झालेली ती पहिली बरी गोष्ट.

जेमाची तऱ्हा वेगळी होती. तिला आईनं शिकवलेल्या त्या मोहरीच्या लोणच्याचा वीट आला आणि तो आणल्याबद्दल तिनं आम्हाला क्षमा केली नाही. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी ती समितीपुढे आली आणि बसलीसुद्धा नाही.

"शुक्रवारी दुपारच्या बसनं मी माहेरी चाललेय. कायमची. ह्यांना सोडलंत तर घेऊन जाते. नाही सोडलंत तर त्या जिभेशी तुमचं तुम्ही लग्न लावा."

एझीद म्हणाला की मोसम संपला की बघू. जेमानं विचारलं, पुढच्या वर्षी मोसम नाही का? त्यावर तो अठरा वर्षांबद्दल बोलला, गावाच्या नावाबद्दल बोलला, एकही पिंप परत आलं नाही त्याबद्दल बोलला. मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका बुटांकडे बघत होते. त्यांना हो म्हणता येत नव्हतं आणि नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे," आणि ते कुणाला म्हणाले हे आम्हाला आजवर ठाऊक नाही. जेमा दार न लावता निघून गेली. मला तिचा राग आला नाही, आमचा आला. तरी मी मूग गिळून बसलो.

गुरुवारी सकाळी शेवटची पिंपं चाखायची होती. त्यांत एक माझं होतं.

आता माझी कहाणी सांगणं भाग आहे. आमच्याकडे तळ्यातले बेडूक ओरडायला लागले की भट्टी विझवायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बेडूक रविवारपासून ओरडत होते. पण झाडांतून रस येतच होता, आणि रस येत असताना भट्टी विझवणं हे आटवणाऱ्या माणसाला फार जड जातं. अजून एकच पातेलं, असं मी चार दिवस म्हणत होतो. पाकाला वास येत होता तो ओल्या लाकडाचा आहे, असं मी स्वतःला बजावलं. बायकोला वास घ्यायला दिला नाही, म्हणजे मला काय ते ठाऊक होतं.

काकांनी माझ्या पिंपात पळी बुडवून आडवी धरली. पडदा छान उतरला. रंग गडद, पण चालण्यासारखा. मग वास, मग अर्धा चमचा. पिंप वाईट असलं की बोलायच्या आधी काकांची डावी भुवई उडते. अठरा वर्षं शेजारी बसून मी ती भुवई पाठ केली होती. ती उडाली. मी 'डुकरांना' लिहायला पेन टेकवलंसुद्धा.

काकांनी छताकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. एझीद मागे खोकला. आणि मग काका थुंकले नाहीत. त्यांनी तो पाक गिळला.

"चांगला," ते म्हणाले.

पेन माझ्या हातात होतं. तोंडही मलाच होतं. पिंप माझं, नाव माझं, आणि उद्या चर्चच्या पायऱ्यांसमोर नाचक्की होणार ती माझी. काकांना हे सगळं माहीत होतं आणि तरी त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं, त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं असेल तर ते एवढंच, त्या बटाट्यानंतर. मी 'चांगला' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं आहे.

पिंपं त्याच दुपारी शहरात गेली आणि शुक्रवारी बाराला दहा कमी असताना ट्रक परत आला. जेमा पायऱ्यांपाशी ट्रंकेवर बसून बसची वाट बघत होती. काका चार हातांवर उभे होते, रिकाम्या हातांनी. ड्रायव्हरनं पिंप खाली लोटलं. झाकणावर तांबडी फुली होती आणि खाली खडूनं लिहिलं होतं, 'कळी'.

एझीद पिंपाभोवती एक फेरी मारून आला.

"काका, तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं," ओव्हीदकाका म्हणाले.

एझीदनं हॅट काढली. त्याला बघून बाकीच्यांनीही काढली. पाद्रीबाबांनी सवयीनं क्रूसाची खूण केली. तिथंच, माझ्या पिंपाच्या झाकणावर वही ठेवून मी शेवटचा ठराव लिहिला: सेवा संपल्यामुळे जीभ मूळ मालकास परत करण्यात येत आहे. एकमतानं मंजूर. बायका येऊन काकांचा हात हातात घेऊ लागल्या.

"म्हणजे आता हे माझे का?" जेमानं विचारलं.

"आता काय राहिलंय त्यांच्यात," एझीद म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. "घेऊन जा, बाई."

"मग ही ट्रंक उचला आणि घरी नेऊन ठेवा," जेमा म्हणाली. एझीदनं ती निमूट खांद्यावर घेतली. बस रिकामीच गेली. त्या दुपारी तिनं कोंबडी उकडली, कांदे घालून, लवंग न घालता.

मला पुढे गावात 'कळी' हे नाव पडलं. अजून आहे. माझ्या नातवंडांनाही कळीची पोरं म्हणतात. पिंप डुकरांनी संपवलं आणि ती चांगली माजली. एझीदनं शहरातून काचेच्या नळ्यांचं एक उपकरण आणलं, ते कपाटात कुलपात असतं, आणि त्याला काय खायला घालावं यावर निदान वाद होत नाहीत.

काकांना मात्र उरलेली अकरा वर्षं मेलेली जीभ वागवावी लागली. लग्नकार्यात कुणी करपलेलं वाढलं तरी "मला काय कळतंय" म्हणून खायचे. फक्त दर वसंतात मी नव्या पाकाची एक छोटी बाटली कोटात लपवून त्यांच्याकडे न्यायचो. ते चमचाभर तोंडात घ्यायचे आणि हळू आवाजात सांगायचे, की ओढ्याकडची झाडं दमलीत, यंदा त्यांना सोड. मी सोडायचो. बादली बदल म्हटलं की बदलायचो. कळीचं पिंप पुन्हा कधी परत आलं नाही.

एकदा असाच बसलो होतो. जेमा बटाटे सोलत होती. इतक्या वर्षांनी मला एकाएकी भरून आलं आणि मी म्हणालो, की काका, सहा वर्षं तुमच्या सूपमध्ये बोट घातलं, चुकलंच आमचं.

"एझीदच्या बोटाला तंबाखू असायचा," काका म्हणाले. "पाद्रीबाबांच्या बोटाला मेणबत्तीचं मेण. तू बुधवारी दूध काढून सरळ यायचास."

मी हादरलो. ज्या तंबाखूला बंदी होती तो आम्हीच त्यांना खाऊ घातला होता.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर तुम्ही यायचं थांबला असतात," काका म्हणाले. "जेवताना घरात कुणीतरी असायचं ना."

जेमानं सोलायचं थांबून त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग तिनं उठून फडताळातून तिसरं ताट काढलं आणि मला हात धुऊन यायला सांगितलं.